न बोलणाऱ्या माणसाची रेषा

खंडाळा म्हटले की मुंबईकराच्या डोळ्यांपुढे बोरघाट, धुके आणि धनिकांचे बंगले उभे राहतात. सातारा जिल्ह्यातील खंडाळा निराळा. तो खंबाटकीच्या पायथ्याशी, पुणे-सातारा हमरस्त्यावर वसलेला आहे. पावसाशी त्याचे नाते कधीच भरवशाचे नव्हते, आणि जिल्ह्यातील इतर तालुक्यांप्रमाणेच त्यानेही मुंबईच्या गिरण्यांना व गोदीला पिढ्यान्‌पिढ्या माणसे पुरविली. अशा गावात साठ-सत्तरच्या दशकांत वर्तमानपत्र येई ते एस.टी.च्या टपावरून किंवा वाहकाच्या पायाशी पडलेल्या गठ्ठ्यातून. वाचनालय, चहाचे दुकान आणि केशकर्तनालय यांतून एकच अंक दिवसभर हात बदलत फिरे. अग्रलेख वाचण्याइतकी सवड वा अक्षरओळख ज्याला नसे, तोही पानाच्या कोपऱ्यातील एका रकान्याच्या चित्रापाशी थांबे, शेजाऱ्याकडून खालची ओळ वाचून घेई आणि मान हलवून अंक पुढे देई. कलादालन नावाची वस्तू त्या तालुक्याने पाहिली नव्हती. तालुक्याचे कलादालन त्या रकान्यात होते.

त्या रकान्याचे धनी आर. के. लक्ष्मण. 'टाइम्स ऑफ इंडिया'मध्ये १९५१ पासून 'यू सेड इट' या नावाने त्यांचे सदर सुरू झाले. १९६२ साली निघालेल्या 'महाराष्ट्र टाइम्स'मुळे ते 'कसं बोललात!' या मथळ्याखाली मराठी घरांत पोहोचले. पाच दशकांहून अधिक काळ ते चालले. पाश्चात्त्य वृत्तपत्रांत ज्याला कॉमिक स्ट्रिप म्हणतात ती तीनचार चौकटींची चित्रमालिका असते. अमेरिकेत चार्ल्स शुल्ट्झ यांनी 'पीनट्स' १९५० पासून २००० पर्यंत एकहाती काढली. मराठीत १९९१ पासून चारुहास पंडित व प्रभाकर वाडेकर यांच्या 'चिंटू'ने तसे स्थान मिळविले. लक्ष्मण यांची चौकट एकच असे. परंतु नायक रोज तोच, त्याचा कोट तोच, त्याच्या भोवतालचे मंत्री, सचिव, कंत्राटदार आणि खड्डे तेच. त्यामुळे प्रत्येक दिवसाची चौकट ही एकाच प्रदीर्घ मालिकेचा पुढचा भाग ठरे, आणि कथानक प्रजासत्ताकाचे असे. या अर्थाने ती भारतातील सर्वांत दीर्घ चित्रमालिकांपैकी एक होय.

पुरोगामी चळवळींच्या बैठकांत या मालिकेच्या नायकाविषयी एक तक्रार हटकून ऐकू येते. हा 'कॉमन मॅन' पाहतो, पण बोलत नाही. तो मोर्चात नसतो, संपात नसतो, घेरावात तर नसतोच. मंत्र्याच्या दालनात, विमानतळावर, पूरग्रस्तांच्या छावणीत तो कसा कोण जाणे हजर असतो. भुवया उंचावतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तसाच उभा राहतो. सकाळी चहाबरोबर वाचकाला हसवून हे चित्र त्याचा दिवसभराचा संताप निववून टाकते. म्हणजे ही कला व्यवस्थेची सेफ्टी व्हॉल्व्ह झाली, असा या तक्रारीचा मथितार्थ. तक्रार उथळ नाही. मात्र ती करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी चित्राखालची ओळ वाचलेली असते आणि चित्र पाहिलेले नसते. चळवळीतील माणसाला शब्दांची सवय फार. पत्रक, ठराव, निवेदन, भाषण यांतच त्याचा दिवस जातो, आणि रेषेलाही काही म्हणायचे असते हे त्याच्या ध्यानी येत नाही.

लक्ष्मण यांचा जन्म २४ ऑक्टोबर १९२१ रोजी म्हैसूरला झाला. कादंबरीकार आर. के. नारायण हे त्यांचे थोरले बंधू. लहानपणी 'हिंदू' या वृत्तपत्रात ब्रिटिश व्यंगचित्रकार डेव्हिड लो यांची चित्रे ते पाहत आणि 'लो' ही सही 'काऊ' अशी वाचत. म्हणजे जगातील त्या काळच्या सर्वांत तिखट रेषेचा कर्ता एक गाय आहे, अशी त्या मुलाची बरेच दिवस समजूत होती. पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेने त्यांना प्रवेश नाकारला. प्रवेशास लागणारी गुणवत्ता त्यांच्या चित्रांत दिसत नाही, असे त्यांना कळविण्यात आले. संस्थांच्या इतिहासात असे प्रसंग येतात आणि त्यांचा फार गवगवा करण्यात अर्थ नाही. पण लक्ष्मण यांचे शिक्षण रस्त्यावर, बाजारात, घराच्या खिडकीशी बसून कावळे रेखाटण्यात झाले, याची साक्ष त्यांची रेषा अखेरपर्यंत देत राहिली.

मुंबईत आल्यावर ते 'फ्री प्रेस जर्नल'मध्ये लागले. त्याच कचेरीत, त्याच सुमारास, दुसरा एक तरुण व्यंगचित्रकार काम करीत होता. त्याचे नाव बाळ ठाकरे. दोघेही डेव्हिड लोचे भक्त, दोघांचाही ब्रश दमदार, आणि दोघांची मैत्री पुढे आयुष्यभर टिकली. लक्ष्मण यांनी ती नोकरी सोडली ती कम्युनिस्टांची चेष्टा करू नये असा मालकाचा हुकूम आल्यावर, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. डाव्या वाचकाला हे कारण ऐकून किंचित अवघडल्यासारखे होईल, आणि तसे व्हावे हेच बरे. आपल्या बाजूला हात न लावणारा व्यंगचित्रकार दुसऱ्या बाजूलाही फार काळ धारेने हात लावू शकत नाही.

त्या एका कचेरीतून दोन वाटा फुटल्या, आणि महाराष्ट्राच्या राजकारणाशी त्यांचा फार जवळचा संबंध आहे. ठाकरे यांनी १९६० साली 'मार्मिक' काढले. त्यातील चित्रांचे सामर्थ्य कोणी नाकारू नये. पण त्याच साप्ताहिकाने 'वाचा आणि थंड बसा' म्हणून कचेऱ्यांतील दाक्षिणात्य अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापल्या, आणि १९६६ साली शिवसेना निघाली. बेकारीने गांजलेल्या मराठी तरुणाला त्या रेषेने एक बोट दिले आणि ते बोट शेजारच्या टेबलावरील कारकुनाकडे वळविले. भांडवलदाराकडे ते क्वचितच वळले. लालबाग-परळच्या कामगार वस्तीत याची किंमत कोणी मोजली हे त्या वस्तीला ठाऊक आहे. त्याच मुंबईत म्हैसूरहून आलेला, मराठी मातृभाषा नसलेला लक्ष्मण नावाचा चित्रकार याच काळात नेमके उलटे काम करीत होता.

प्रारंभी त्यांच्या चित्रांत सामान्य माणूस म्हणून गर्दी असे. बंगाली, तमिळ, पंजाबी, मराठी, गुजराती असे प्रत्येक प्रांताचे, प्रत्येक वेशाचे माणूस ते काढीत. देश दाखवायचा तर सगळा दाखविला पाहिजे, ही भूमिका. परंतु वृत्तपत्राला चित्र द्यावयाची वेळ ठरलेली असे, आणि रोज इतकी माणसे रेखाटणे शक्य नव्हते. एकेक गळत गेले. शेवटी उरला तो धोतर नेसलेला, वर चौकटीचा कोट घातलेला, गोल चष्म्याचा, झुपकेदार मिशीचा, टकलाच्या कडांनी विरळ केस उडत असलेला एक वयस्कर गृहस्थ. तो नेमका कोणत्या प्रांताचा हे सांगता येत नाही. ज्या शहरात माणसाचे आडनाव ऐकून त्याला शत्रू ठरविण्याची कला वाढीस लागली, त्या शहरात रोज सकाळी प्रांत नसलेला एक माणूस निघत होता. वेळेच्या टंचाईतून हे घडले असे लक्ष्मण सांगत. पण जे गाळले आणि जे राखले त्यातच कलावंताची निवड दिसते.

चित्राकडे वळावे. एका रकान्याची जागा म्हणजे पोस्टाच्या कार्डाहूनही लहान. त्यात लक्ष्मण मंत्र्याचे दालन बसवीत: टेबल, टेलिफोन, भिंतीवरचा थोरांचा फोटो, दारातला शिपाई, खिडकीबाहेरची इमारत, आणि या सगळ्यांत मंत्र्याची खुर्चीत न मावणारी काया. यातील एकही वस्तू भरतीची नसे. टेबलावरील फायलींचा ढीग किती उंच, टोपी किती कडक, सचिव किती वाकला आहे, हे सगळे त्या ओळीच्या आधीच बोलून गेलेले असे. रेषा ब्रशची असल्यामुळे तिला जाडी व निमुळतेपणा होता. मंत्र्याच्या पोटाशी ती सुखाने फुगे आणि खेड्यातल्या माणसाच्या फासळ्यांशी तुटक, कोरडी होई. काळ्या शाईचा भराव नेमका अशा ठिकाणी असे की नजर प्रथम तेथे जावी, मग बोलणाऱ्याच्या तोंडाकडे आणि शेवटी कडेला उभ्या असलेल्या त्या कोटाकडे. सबंध प्रवास एका क्षणात होई, आणि तो कोणत्या क्रमाने व्हावा हे आधी ठरविलेले असे. नाटकाचा दिग्दर्शक पात्रे रंगमंचावर जशी उभी करतो तसेच हे काम. फरक एवढाच की याला रोज नवे नाटक बसवावे लागे आणि तालमीला एक दुपार मिळे.

दुष्काळी गावाला भेट देणाऱ्या पुढाऱ्याचे चित्र त्यांनी नाना प्रकारे काढले. मोटारींचा ताफा, छत्री धरणारा सेवक, घाम पुसणारा जिल्ह्याचा अधिकारी, आणि समोर काठीसारख्या माणसांची रांग. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी सातारा-सांगलीच्या पूर्व भागात अनुभवला, खडी फोडण्याच्या कामावर ज्यांनी दिवस काढले, त्यांना या रांगेतील माणसे परकी वाटली नाहीत. त्या माणसांना लक्ष्मण यांनी कधी हास्यास्पद केले नाही. त्यांच्या चित्रांत विनोद नेहमी ज्याच्याकडे सत्ता आहे त्याच्या अंगावर पडतो. उपाशी माणसाचे हाड रेखाटताना ब्रश गंभीर असतो. व्यंगचित्रकाराची नीती त्याच्या मुलाखतींत शोधू नये, ती तो कोणाला कुरूप करतो यात शोधावी.

आता मौनाविषयी. सदराचे नावच 'कसं बोललात!' असे आहे, आणि ते दुसऱ्याला उद्देशून आहे. बोलणारा मंत्री असतो, कंत्राटदार असतो, तज्ज्ञ असतो, पक्षाचा प्रवक्ता असतो. तो इतके बोलतो की त्याच्याविरुद्ध वेगळा पुरावा द्यावा लागत नाही. साक्षीदार गप्प असतो कारण आरोपी कबुलीजबाब देत असतो. मराठी रंगभूमीला अशा कडेला उभ्या असलेल्या पात्राची ओळख नवी नाही. जोतीराव फुले यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. त्यात जोशी भोळ्या कुणब्याला व त्याच्या बायकोला नाडीत असताना एक विदूषक प्रत्येक वळणावर मध्ये येतो आणि लबाडीचे पदर उलगडून दाखवितो. तमाशातला सोंगाड्याही तेच करतो. हे दोघे भरभरून बोलतात, कारण त्यांच्यापुढचा प्रेक्षक अजून फसला जात आहे आणि त्याला जागे करावयाचे आहे. लक्ष्मण यांचा वाचक फसलेला नव्हता. त्याला सगळे ठाऊक होते. एकट्याला ठाऊक आहे अशी मात्र त्याची समजूत होती. कोपऱ्यातील त्या भुवयांनी त्याला रोज कळविले की आणखी एकाने पाहिले आहे. चहाच्या दुकानात अंक हातोहात फिरतो तेव्हा त्या 'आणखी एका'ची संख्या वाढत जाते. संघटनेच्या कामाला याचा उपयोग नाही असे ज्याला वाटते त्याने संघटना कशी उभी राहते हे पुन्हा एकदा आठवून पाहावे.

या मौनाची कसोटी १९७५ साली लागली. २५ जूनच्या रात्री आणीबाणी पुकारली गेली, वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये 'शंकर्स वीकली' बंद झाले. अबू अब्राहम यांनी डिसेंबरात 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये न्हाणीघराच्या टबात बसून वटहुकमांवर सह्या करणारे राष्ट्रपती काढले; ते चित्र सेन्सॉरच्या हातून कसे सुटले याचे नवल अजून संपलेले नाही. महाराष्ट्रात यदुनाथ थत्ते यांच्या 'साधने'ने छळ सोसून झुंज दिली. लक्ष्मण यांनी पंतप्रधान इंदिरा गांधींची भेट घेऊन पाहिली, काही काळ सूचक चित्रे काढली. मग माहितीमंत्री विद्याचरण शुक्ल यांच्याकडून धमकीवजा समज आली, आणि ते कुटुंबासह मॉरिशसला निघून गेले. हा व्यवसायच सोडावा असा विचार त्यांच्या मनात घोळत असतानाच जानेवारी १९७७ मध्ये निवडणुकांची घोषणा झाली. तुरुंगात गेलेल्यांच्या तुलनेत हे वर्तन वीराचे नव्हे. तशी बढाई त्यांनीही मारली नाही. पण सत्तेला त्या न बोलणाऱ्या माणसाची भीती वाटली, एवढे त्या धमकीने सिद्ध केले. सेफ्टी व्हॉल्व्ह कोणी बंद करावयास जात नाही.

इतके म्हटल्यावर उणेही मांडले पाहिजे. चौकटीचा कोट हा सगळ्या देशाचा पोशाख नव्हे. तो निवृत्त मास्तराचा, कारकुनाचा, पेन्शनराचा कोट आहे. खंडाळ्याच्या रानात भांगलणाऱ्या बाईच्या किंवा गावकुसाबाहेरच्या माणसाच्या अंगावर तो चढत नाही. जातीचा प्रश्न या मालिकेत फार विरळ येतो, आणि आला तर निवडणुकीच्या गणितापुरता. गरीब माणूस रांगेत असतो, फासळ्यांसकट असतो, परंतु पाहणारा डोळा त्याचा नसतो. तो कोटवाल्याचा असतो. १९६५ च्या हिंदीविरोधी आंदोलनावरील त्यांचे एक चित्र पाठ्यपुस्तकात आले तेव्हा २०१२ साली तमिळनाडूत निषेध झाला; आंदोलक विद्यार्थ्यांना ते कमी लेखते असा आक्षेप होता. पुस्तकातून चित्रे काढून टाकण्याची मागणी चुकीची खरीच, पण आक्षेपात तथ्य नव्हते असे म्हणवत नाही. जनआंदोलन दिसले की हा ब्रश जरा साशंक होतो. मोर्चा त्याला गर्दीसारखा दिसतो, आणि मोर्चातील माणसांचे चेहरे तो मंत्र्याच्या चेहऱ्याइतक्या प्रेमाने काढीत नाही.

एक गोष्ट मात्र तक्रारकर्ते विसरतात. या गृहस्थाला बायको आहे, आणि ती बोलते. अंगाने भक्कम, आवाजाने त्याहून भक्कम अशी ती बाई महागाईवर, रेशनवर, नळाच्या पाण्यावर आणि नवऱ्याच्या निष्क्रियतेवर स्वच्छ मत देते. १९७२ साली मृणाल गोरे व अहिल्या रांगणेकर यांच्या महागाई प्रतिकार समितीमागे मुंबईच्या रस्त्यावर लाटणी घेऊन आलेल्या बायका याच घरांतल्या. नवरे घरी वर्तमानपत्र वाचीत बसले असतील. लक्ष्मण यांनी हे जाणूनबुजून केले की संसाराच्या अनुभवातून आपसूक उतरले, हे ठरविण्याची गरज नाही. चित्रात ते आहे. खंडाळा तालुक्यातच नायगाव आहे, जेथे ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाईंचा जन्म झाला. बोलणाऱ्या बाईची परंपरा या तालुक्याला शिकवावी लागत नाही.

बाजाराने आणि सरकारने पुढे या माणसाचे जे केले ते लक्ष्मण यांच्या चित्राचा विषय व्हावे असे आहे. १९८८ साली तो टपाल तिकिटावर गेला. २००१ मध्ये पुण्यात सिंबायोसिसच्या आवारात त्याचा पुतळा उभा राहिला, राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते अनावरण झाले. पुढे वरळीच्या समुद्रकिनारीही एक पुतळा आला. एका स्वस्त विमान कंपनीने त्याला आपले बोधचिन्ह केले. जन्मभर बसच्या रांगेत उभा असलेला माणूस विमानाच्या अंगावर रंगविला गेला, आणि ज्यांनी त्याला रांगेत उभे केले होते त्यांनीच त्याला हार घातले. पुतळा झाला की माणसाच्या भुवया हलत नाहीत.

२००३ मध्ये पक्षाघाताने लक्ष्मण यांची डावी बाजू लुळी पडली. उजवा हात शाबूत होता. त्यांनी चित्रे काढणे सोडले नाही. २६ जानेवारी २०१५ रोजी, प्रजासत्ताक दिनी, पुण्यात त्यांचे निधन झाले आणि राज्य सरकारने शासकीय इतमामात निरोप दिला. त्यानंतर बहुतेक वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावरील तो एक रकाना जाहिरातीने भरून निघाला.

खंडाळ्याच्या हमरस्त्याला आता अनेक पदर आहेत. शिरवळकडे कारखाने उभे राहिले, जमिनी गेल्या, मोबदल्याचे खटले तालुक्याच्या कचेरीत आले. त्या कचेरीच्या व्हरांड्यात सात-बाराच्या उताऱ्यासाठी थांबलेल्यांत कोटवाला कोणी दिसत नाही. पॅन्ट-शर्ट, टोपी, नऊवारी आणि हातात प्लॅस्टिकच्या पिशवीतले कागद. आत फोनवर कोणीतरी मोठ्याने बोलत असते आणि बाहेरचे ऐकत असतात. कार्यकर्त्यांच्या पुढच्या शिबिरात लक्ष्मण यांची पाच-सहा चित्रे खालच्या ओळी झाकून भिंतीवर लावावीत, आणि प्रत्येकाने त्या ओळी स्वतः लिहून पाहाव्यात. मग मूळ ओळ उघडावी. त्यानंतर एक चित्र उलट करून पाहावे: व्हरांड्यात थांबलेली बाई बोलते आहे आणि मंत्री ऐकतो आहे. ते चित्र कसे काढायचे, टेबल कुठे ठेवायचे, उजेड कोणावर टाकायचा, हे लक्ष्मण यांच्या चौकटींतूनच शिकता येते. चित्र काढणारा हात खंडाळ्याच्या एखाद्या शाळेत आज कावळे काढीत बसला असेल.